दार, कडी आणि कोयंडा

शेतांत उभ्या असलेल्या पिकाची राखण कशी करावी, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. बांधाला कांटेरी कुंपण घालणें, ज्वारी दाण्यांत आली कीं माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणें, रानडुकरांच्या उपद्रवामुळें रात्र रात्र जागल करणें, हीं कामें आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों आहों. परंतु तेंच पीक बाजारांत जाऊन त्याचा पैसा झाला, त्या पैशाचें सोनें झालें, आणि तें सोनें घरांतील पेटींत येऊन पडलें, म्हणजे आपली सावधगिरी एकाएकीं संपते. दाराला कुलूप घातलें, किल्ली कनवटीस लावली, कीं काम झालें असें आपण समजतों. वर्षाचे कष्ट ज्या दारामागें ठेवलेले असतात, त्या दाराकडे वर्षांतून एकदांही निरखून पाहत नाहीं.

शेतकऱ्याचें घर चोरास सोयीचें कां, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. सुगीच्या दिवसांत घरांतील झाडून सारीं माणसें शेतावर असतात, आणि आळींतील सर्वच घरें एकाच वेळीं बंद असल्यामुळें शेजाऱ्याचाही आधार नसतो. कापूस, सोयाबीन, कांदा यांचे पैसे केव्हां हातीं येतात, हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. लग्नसराईंत दागिने पेटीबाहेर निघतात, आणि परगांवच्या लग्नास सारें कुटुंब एकदम निघून जातें. आषाढीच्या वारीस घरचीं वडील माणसें जातात, म्हणजे एरवीं घरीं हमखास असणारें राखणदारही उरत नाहीं.

प्रस्तुत लेखांत एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे. दार ही एक साखळी आहे. भिंत, चौकट, फळी, बिजागरी, कडी, कोयंडा व कुलूप हे तिचे दुवे होत. चोर भक्कम दुव्याशीं झगडत बसत नाहीं; तो कच्चा दुवा शोधतो. आणि बहुतेक घरीं पाहावें तों पैसा खर्च झालेला असतो कुलपावर, व कच्चा असतो कोयंडा.

१. पूर्वीची व्यवस्था

जुन्या वाड्यांचें मुख्य दार म्हणजे जाड सागवानी फळ्यांचें, लोखंडी पट्ट्या व खिळे मारलेलें असे. मोठें दार मिटलेलें ठेवून जाण्यायेण्यास दिंडी असे. आंतील बाजूस भिंतीच्या जाडींत पोकळी ठेवून तींत अडसर सरकवून ठेवीत, आणि रात्रीं तो दाराआड ओढून दुसऱ्या भिंतींतील खोबणींत बसवीत. बाहेरून कितीही रेटा दिला तरी त्याचा भार खिळ्यांवर न येतां दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येई. अडसराचें सारें मर्म येवढेंच आहे, आणि तें आजही तितकेंच खरें आहे.

दाराबाहेर गांवाचीही राखण असे. जागल्या व रामोशी हे वतनदार रात्रीं गस्त घालीत. चोराचा माग ज्या गांवच्या शिवेपर्यंत जाई, त्या गांवच्या राखणदारांवर पुढील शोधाची जबाबदारी येई. या पद्धतींत सेवेकऱ्यांवर वेठीचा अन्याय होता. सन १९५८ च्या कायद्यानें तेव्हांच्या मुंबई राज्यांतील कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं, हें योग्यच झालें. पुढें सन १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वयें पोलीस पाटलाचें पद नव्यानें घालून देण्यांत आलें. परंतु पोलीस पाटील हा एकटा माणूस. त्यानें साऱ्या गांवांत रात्रभर गस्त घालावी अशी अपेक्षा कोणी करूं नये. तात्पर्य, जुनी गस्त गेली. तिच्या जागीं आपण काय ठेवलें, हा प्रश्न ज्याचा त्यानें स्वतःस विचारावयाचा आहे.

जुन्या घरांचा एक दोषही सांगितला पाहिजे. दार भक्कम, पण भिंत मातीची, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं असे. म्हणून चोर दाराच्या वाटेस न जातां भिंतच खणून भगदाड पाडीत. ‘घरफोडी’ हा शब्द अशा ठिकाणीं अक्षरशः लागू पडतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तो प्रसंग पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यांत घरमालकांनीं शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, शर्विलक भिंतीची अशी जागा शोधतो कीं जेथें पाण्यानें ती भिजून मऊ झाली आहे. दुसरी, जुनें दार करकरेल या भयानें तो त्यावर पाणी शिंपडतो. म्हणजे त्या प्राचीन काळींही चोरास अनुकूल काय, तर ओल. आणि प्रतिकूल काय, तर आवाज. मोरीचें किंवा पागोळ्यांचें पाणी ज्या भिंतीच्या पायथ्याशीं मुरतें, ती भिंत आजही आधीं दुरुस्त करावी.

२. न उघडणारें कुलूप नाहीं

दुकानदार कुलूप विकतांना ‘हें कोणासही उघडणार नाहीं’ असें सांगतो. याविषयीं इतिहासांतील एक दाखला पुरेसा आहे. सन १८५१ सालीं लंडन येथें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें. इंग्लंडांतील चब यांचें कुलूप व ब्रामा यांचें कुलूप हीं त्या काळीं अभेद्य मानलीं जात. ब्रामा यांनीं तर आपल्या दुकानांत कुलूप टांगून, जो तें उघडील त्यास २०० गिनी देऊं, असें जाहीर केलें होतें, आणि कित्येक दशकें तें बक्षीस कोणासही मिळालें नव्हतें. प्रदर्शनास आलेल्या हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें चब यांचें कुलूप सुमारें २५ मिनिटांत उघडलें. ब्रामा यांचें उघडण्यास त्यास १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास लागले.

यावरून कुलपें निरुपयोगी आहेत असें अनुमान कोणी काढूं नये. अनुमान हें कीं, कुलूप चोरास कायमचें अडवीत नाहीं. तें त्याचा वेळ घेतें. पंचवीस मिनिटांचें कुलूप आणि एकावन्न तासांचें कुलूप यांत जो फरक, त्याचीच आपण किंमत देतों. मात्र आपल्या गांवीं येणारा चोर हॉब्जसारखा कसबी कारागीर असण्याचा संभव थोडा. त्याच्याजवळ कटावणी असते. तो कुलपास हात लावीत नाहीं. कुलूप ज्यांत अडकविलें तो कोयंडा उचकटतो. भारी किमतीचें कुलूप मग कोयंड्यासकट धड्या अवस्थेंत अंगणांत पडलेलें सांपडतें.

कटावणीचें बळ किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहारेनें धोंडा उलथतांना जो नियम, तोच येथें. दोन फूट लांबीच्या कटावणीचें टोक एक इंच आंत शिरलें, तर हाताच्या जोराच्या वीसपटींहून अधिक जोर त्या टोकाशीं उत्पन्न होतो. माणसानें २० किलोंचा भार दिला, तर कोयंड्यावर ४०० किलोंहून अधिक ताण पडतो. तेव्हां दाराची खरी परीक्षा ही कीं, कटावणीचें टोक शिरण्यास जागा आहे कीं नाहीं, आणि शिरलेंच तर तो ताण सोसण्यास मागें काय आहे.

३. दाराची तपासणी

दिवसाउजेडीं दार बंद करून बाहेर उभें राहावें, आणि हें घर आपलें नसून आपणांस त्यांत शिरावयाचें आहे, अशा नजरेनें पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

चौकट. चौकटीचा पाय जमिनीशीं जेथें टेकतो, तेथें दाभण टोंचून पाहावें. दाभण सहज आंत गेलें तर वाळवीनें किंवा ओलीनें लांकूड खाल्लें आहे असें समजावें; वरचा रंग शाबूत असला तरी फसूं नये. चौकट भिंतीशीं लोखंडी पकडपट्ट्यांनीं, दर बाजूस निदान तीन, सिमेंटांत जखडलेली असावी. विटा व चौकट यांच्यामध्यें फट पडून गिलावा सुटला असेल, तर ती सबंध चौकट रेट्यानें हलते, आणि मग उत्तम दाराचाही उपयोग नाहीं. गवंड्याकडून ही फट भरून घेणें हें पहिलें काम.

फळी. बाहेरील दाराची फळी भरींव व निदान दीड इंच जाडीची असावी. बाजारांत तयार मिळणारीं पोकळ दारें आंतील खोल्यांस ठीक. बाहेरील दारास तीं लावूं नयेत, कारण लाथेनें त्यांस भोंक पडतें. शेतावरील घरास व गोठ्यास पत्र्याचें दार असतें. त्याचा पत्रा पातळ असल्यास कोपरा धरून मुरगळतां येतो. म्हणून मागें आडव्या पट्ट्या जवळ जवळ असाव्या, आणि बिजागरीचें वेल्डिंग गंजून सुटलेलें नाहीं ना हें पाहावें.

दाराची फट. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. श्रावणांत दार अडकूं लागलें कीं आपण सुतार बोलावून कड रंधून घेतों. तेंच दार चैत्र-वैशाखांत आकसलें म्हणजे फळी व चौकट यांच्यामध्यें बोटभर फट पडते. लग्नसराईचे दिवस तेच, घरें ओस पडण्याचे दिवसही तेच. आणि कटावणीस वाट करून देणारी फट त्याच दिवसांत सर्वांत मोठी असते. म्हणून पावसाळ्यांत फार रंधूं नये. पाऊस संपून लांकूड वाळल्यावर अगदीं जरूर तेवढेंच काढावें, आणि फळीच्या दोन्ही अंगांस व चारही कडांस जवसाचें तेल किंवा रंग द्यावा, म्हणजे फुगणें-आकसणें कमी होतें. फट आधींच मोठी झाली असेल, तर बाहेरून तिच्यावर उभी लोखंडी पट्टी बसवावी.

बिजागरी. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीचा दांडा बाहेर दिसतो, आणि तो ठोकून वर काढला कीं कुलूप जेथल्या तेथें राहून दार दुसऱ्या अंगानें निघतें. अशा दांड्याचीं दोन्ही टोकें लोहाराकडून ठोकून पसरट करून घ्यावीं. याहून चांगला उपाय असा कीं, बिजागरीच्या बाजूनें फळीच्या कडेंत दोन लोखंडी खुंट्या बसवाव्या व चौकटींत त्यांना भोंकें पाडावीं. दार मिटलें कीं खुंट्या चौकटींत शिरतात. मग दांडा काढला तरी फळी सुटत नाहीं. बिजागऱ्या दोन नसाव्या, तीन असाव्या.

दुपाखी दार. दोन झडपांच्या दाराचा कच्चा भाग म्हणजे जी झडप आधीं मिटते ती. तिला वर व खालीं, दोन्हीकडे खिटी असावी, आणि खालची खिटी फरशींत निदान एक इंच खोल जावी. पुष्कळ घरीं खालच्या खिटीचें भोंक मातीनें भरून गेलेलें असतें, व खिटी नुसती टेकून राहते. मध्यें जोर दिला कीं दोन्ही झडपा एकदम उघडतात.

कडी व कोयंडा. हा या पाठाचा गाभा आहे. कोयंडा नुसत्या दोन लहान स्क्रूंवर बसविलेला असेल, तर तो काढून टाकावा. स्क्रू बसवितांना कित्येक कारागीर घाई करून ते हातोडीनें ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे तेवढे पिळतात. असें केल्यानें लांकडाचे तंतु चुरडतात, मळसूत्रास पकड राहत नाहीं, आणि वरून ठाकठीक दिसणारा स्क्रू ओढतांच सुटतो. आपल्यासमोर आधीं बारीक भोंक पाडवून मग स्क्रू सुरुवातीपासून पिळून घ्यावा. बाहेरच्या कडीकोयंड्यास तर स्क्रूच नकोत. फळीच्या आरपार जाणारे बोल्ट घालावे. बाहेर त्यांचें गोल गुळगुळीत डोकें राहावें, आंत मोठें वायसर किंवा लोखंडी पट्टी ठेवून नट आंवळावा. म्हणजे कटावणीचा ताण दोन स्क्रूंवर न पडतां सबंध फळीवर पडतो. कडीची पट्टी अशी असावी कीं ती बंद असतां बोल्टांचीं डोकींही तिच्याखालीं झांकलीं जावीं. लहानशा गांवांतही लोहार हें काम करून देतो, आणि त्याची मजुरी चांगल्या कुलपाच्या किमतीपेक्षां बहुधा कमीच होते.

अडसर. घरांत माणसें निजलेलीं असतां कुलपापेक्षां अडसर श्रेष्ठ. भिंतींत पोकळी नसली तरी दाराच्या दोन्ही बाजूंस भिंतींत लोखंडी आंकडे पक्के बसवून त्यांवर सागवानी किंवा बाभळीचा दांडा आडवा ठेवावा. आंकडे चौकटींत न ठोकतां भिंतींत असावे, हें विसरूं नये.

परसदार, खिडकी व छप्पर. पुढील दारास पितळी कडी आणि मागील दारास सुतळी, असें दृश्य पाहण्यांत येतें. चोर परसांतूनच येतो, कारण तेथें अंधार, गवताची गंजी व आडोसा असतो. परसदार पुढील दाराइतकेंच भक्कम हवें, आणि त्याजवळ शिडी, पहार, कुऱ्हाड टाकून ठेवूं नये. चोरास हत्यार आपणच पुरवावें हें बरें नव्हे. खिडकीचे गज चौकटीच्या लांकडांत नुसते रोवलेले असतील तर चौकट फांकवून ते निघतात. आडवी पट्टी घालून त्यांत गज ओवून घ्यावे. माळवदाच्या घरांत उजेडासाठीं छतांत ठेवलेल्या झरोक्यास जाळी असावी. पत्र्याच्या घरांत पत्र्याचे बोल्ट गंजले नाहींत ना, हें दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं पाहावेंच लागतें. त्याच वेळीं चोराचाही विचार करावा.

४. कुलूप कोणतें घ्यावें

वरील सर्व झाल्यावर मग कुलपाकडे वळावें. स्वस्त कुलपाच्या पोटांत नुसते ठराविक अडथळे असतात. ते चुकवून जाणारी कोणतीही वांकडी तार तें उघडते. असें कुलूप पेटीस किंवा कोंबड्यांच्या खुराड्यास ठीक. त्याहून वरचा प्रकार तरफेच्या कुलपाचा. इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें सन १७७८ सालीं या रचनेचा हक्क मिळविला. यांत पितळी पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. किल्लीच्या दातऱ्यांनीं प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंत, कमी नाहीं व जास्तही नाहीं, अशी उचलली जावी लागते, तेव्हांच कुलूप सुटतें. पट्ट्या जितक्या अधिक, तितकें तें उघडणें कठीण. तिसरा प्रकार बारीक खुंट्यांचा. चपट्या दांतेरी किल्लीचीं कुलपें तीं हींच. लायनस येल या अमेरिकनानें सन १८६१ सालीं त्यास आजचें रूप दिलें, परंतु त्याचें मूळ प्राचीन मिसर देशांतील लांकडी कुलपांत सांपडतें. आपल्या देशांत अलिगढ शहर कुलपांसाठीं प्रसिद्ध आहे, आणि मुंबईंत अर्देशीर गोदरेज यांनीं वकिली सोडून सन १८९७ सालीं कुलपांचाच कारखाना काढला.

कोणतेंही घ्यावें, पण पुढील गोष्टी पाहाव्या. कमान जाड व आंखूड असावी. कमान लांब असली कीं तींत पहार घालून पिळतां येतें. कमान दोन्ही टोकांशीं अडकणारी असावी. कुलूप कोयंड्यांत सैल लोंबकळूं नये. दारांतच बसविलेलें व चापावर आपोआप मिटणारें कुलूप असेल, तर नुसतें दार ओढून जाऊं नये; किल्लीचा पूर्ण फेरा द्यावा, नाहींतर पातळ पट्टीनें चाप मागें सारतां येतो. खुंट्यांच्या कुलपांत तेल घातल्यानें धूळ सांचून तें अडतें; पेन्सिलींतील शिशाची पूड घालावी.

५. किल्ली, आवाज आणि उजेड

किल्ली देवळींत, तुळशीवृंदावनाच्या मागें, उंबऱ्यावरील फटींत किंवा पायपुसण्याखालीं ठेवण्याची चाल आहे. या चार जागा घरच्या मुलांस जशा ठाऊक, तशाच चोरासही ठाऊक असतात. एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी, हें उत्तम. किल्ली हरवली तर कुलूप बदलावें. नवें घर बांधून झाल्यावर, बांधकामाच्या वेळीं वापरलेलें कुलूप त्याच दारास पुढें चालू ठेवूं नये.

दाराचा करकर आवाज हा बिनपगारी पहारेकरी आहे. परसदाराच्या बिजागरीस तेल देण्याची फार घाई करूं नये. कडीस बैलाच्या गळ्यांतील जुना घुंगूर बांधावा. कुत्रा बांधावयाचा तो परसाकडे बांधावा. दिवसभर जळणारा दिवा हा घरीं कोणी नाहीं याची दवंडी आहे. परगांवीं जातांना ती वार्ता मोबाइलवर चित्रें पाठवून साऱ्या गांवास कळविण्याचीही आज चाल पडली आहे. परत आल्यावर चित्रें दाखविलीं तर लग्नाची शोभा कमी होत नाहीं.

परंतु आवाज कितीही झाला तरी तो ऐकणारा कोणी हवा. दार चोराचा वेळ घेतें. त्या वेळांत कोणी धांवून आलें नाहीं, तर तो वेळ फुकट जातो. यास्तव आमची सूचना अशी आहे. नांगरणीसाठीं आपण इर्जिक करतों, खुरपणीसाठीं सावड करतों. तशीच राखणीची सावड करावी. आळींतील पांच-सहा घरांनीं ठरवून सुगीच्या दिवसांत रोज एका घरचें एक माणूस घरीं ठेवावें, आणि त्यानें दुपारीं दोन वेळां साऱ्या दारांवरून नजर फिरवावी. ज्याच्या घरचें माणूस राहील, त्याचा त्या दिवसाचा खाडा इतरांनीं शेतांतील कामानें भरून द्यावा. यांत एक पैचाही खर्च नाहीं, आणि जुन्या गस्तीची जागा वेठीवांचून भरून निघते.

६. एक धोक्याची सूचना

चोराच्या भीतीनें घर असें बंद करूं नये कीं आग लागल्यास आंतील माणसास बाहेर पडतां येणार नाहीं. म्हाताऱ्या माणसांस किंवा मुलांस आंत ठेवून बाहेरून कुलूप घालणें हें सर्वस्वीं वर्ज्य करावें. आंतून कुलूप लावण्याची चाल असेल, तर किल्ली दाराजवळच, पण खिडकींतून हात न पोंचेल अशा ठराविक खिळ्यास टांगावी, आणि घरांतील प्रत्येकास ती अंधारांत सांपडली पाहिजे. अडसर इतका जड नसावा कीं घरच्या आजीबाईंस तो उचलतां येऊं नये. धन परत मिळवितां येतें. माणूस येत नाहीं.

७. घरांत काय ठेवावें, आणि चोरी झाल्यास काय करावें

पिकाचे पैसे दोन दिवसांहून अधिक घरांत ठेवूं नयेत. रोज न वापरण्याचे दागिने बँकेच्या लॉकरांत ठेवावे. बँकेंत चोरी, आग, इमारत कोसळणें किंवा नोकरांची लबाडी यांमुळें लॉकरांतील वस्तू गेल्यास, वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँक जबाबदार राहील, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. सातबाराची नक्कल पुन्हां काढतां येते, पण मूळ खरेदीखत व वाटणीपत्र हीं लोखंडी पेटींत, व त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणीं ठेवाव्या. महसुली कामांत सारें आयुष्य गेल्यामुळें एक आग्रह धरतों : घरांतील मौल्यवान वस्तूंची यादी करा. दागिन्याचें नांव, वजन, पावती, चित्र. मोटर व यंत्रें असल्यास त्यांवरील क्रमांक. माल सांपडला तरी तो आपला हें सिद्ध करण्यास हीच यादी उपयोगी पडते.

घर फोडलेलें दिसल्यास आंत शिरून उलथापालथ करूं नये. ठसे पुसले जातात. ११२ या क्रमांकावर कळवावें व पोलीस पाटलास बोलवावें. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें फिर्याद तोंडी देतां येते, आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. ठाणे-अंमलदारानें फिर्याद नोंदविली नाहीं, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालानें लेखी पाठवितां येते. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ अन्वयें, चोरीच्या उद्देशानें सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. घरांत शिरलेल्या चोरापासून बचाव करण्याचा हक्क कायदा देतो, परंतु बचावास जरूर तेवढ्याच बळाचा; पकडलेल्या माणसास झाडास बांधून मारणें हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. चोरी झाली कीं गांवाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या भटक्या मंडळींकडे बोट दाखविण्याची खोड आपल्यांत आहे. संबंध जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविणारा सन १८७१ चा कायदा सन १९५२ सालीं देशभर रद्द झाला. तो आपल्या मनांतूनही रद्द झाला पाहिजे. संशय पुराव्यावर ठेवावा, पालावर नव्हे.

८. स्वतःस विचारण्याचे प्रश्न

(१) चौकटीच्या पायांत दाभण शिरतें काय? (२) मिटलेल्या दाराच्या फटींत कटावणीचें टोक जाईल काय? (३) बिजागरीचा दांडा बाहेरून निघेल काय? (४) खालची खिटी फरशींत खरोखर किती शिरते? (५) कोयंडा स्क्रूंवर आहे कीं आरपार बोल्टांवर? (६) परसदार पुढील दाराइतकें भक्कम आहे काय? (७) आग लागल्यास घरांतील सर्वांत अशक्त माणूस अंधारांत दार उघडूं शकेल काय? (८) आपण घरीं नसतां दार वाजलें, तर तें कोण ऐकेल?

ज्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक येणार नाहीं, तोच आपल्या साखळींतील कच्चा दुवा होय. तो आधीं दुरुस्त करावा; नव्या कुलपाचा विचार मागाहून. सुताराचा अर्धा दिवस, लोहाराचे चार बोल्ट, आणि शेजाऱ्याशीं दोन शब्द, येवढ्यानें बहुतेक घरांचें काम भागण्यासारखें आहे. लग्नसराई लागण्यापूर्वीं, घर रिकामें पडण्याच्या आधीं, प्रत्येकानें एकदां आपल्या दाराबाहेर उभें राहून तें नीट पाहून घ्यावें.